काठावरचा माणूस

ज्याचं डोकं पाण्यात आहे त्याला काठावरून सूचना देण्याइतका निरर्थक उद्योग दुसरा नसेल, आणि मी तो पोटापाण्यासाठी करतो. पोहण्याच्या स्पर्धेत उतरायचो तेव्हा आमचे सर काठाकाठाने धावत गळा ताणून ओरडायचे. पाण्यात ऐकू यायचे ते फक्त स्वतःचे बुडबुडे. ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे बेडकासारखं पोहताना, डोकं वर येतं, तेव्हा चुकून अर्धा शब्द कानी पडायचा. तो शाबासकीचा की शिवीचा, हे भिंत गाठल्यावरच कळायचं. हे सगळं पक्कं ठाऊक असूनही शाळेच्या तलावावर मी तसाच धावतो. सवय, दुसरं काय!

खरी पंचाईत वेगळीच होती. "सर, श्वास कधी घ्यायचा?" असं एका चिमुरडीने विचारलं आणि मी गप्प. मी तो कधी ठरवून घेतलाच नव्हता. मग स्वतः पाण्यात उतरून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की प्रश्न घेण्याचा नाहीच, सोडण्याचा आहे. नवशिकी पोरं पाण्याखाली श्वास कोंडून धरतात, तोंड बाहेर आलं की आधी तो सोडत बसतात, आणि घ्यायला वेळच उरत नाही. म्हणून आमच्याकडे सुरुवातीला नुसते बुडबुडे काढायचे. पालकांना हा फीचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

"डोकं खाली" म्हणून काही होत नाही. डोकं वर उचललं की कंबर बुडते, हे पोरांना सांगून पटत नाही. "तळाची काळी रेघ बघ" म्हटलं की मान आपोआप सरळ. ती रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे संपते, तिथे आडवी पट्टी असते. उताणं पोहताना रेघ नाही, मग भिंतीच्या ५ मीटर अलीकडे डोक्यावर पताका. त्या दिसल्या की भिंतीपर्यंतचे हात मोजायचे.

मोजण्याचं महत्त्व पटावं म्हणून मी अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सची गोष्ट सांगतो. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला (दोन्ही हात एकदम पुढे फेकत पोहायचा प्रकार) त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. दिसेना, तर तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन बाहेर आला. पोरं भारावून ऐकत होती. शेवटी एकाने विचारलं, "म्हणजे त्याचापण गळतो?"

तेव्हापासून गॉगल गळाला म्हणून कोणी रडत थांबत नाही. उलट दोघं-तिघं पट्टा मुद्दाम सैल ठेवतात, मोठमोठ्याने आकडे म्हणत निघतात आणि थेट शेजारच्या लेनमध्ये घुसतात.