गेम माउसला स्टिक समजत होता : माझा अनुभव

कन्सोलवरून पीसीवर आलेले जुने गेम मला मनापासून आवडतात, म्हणून त्यांचा माउस नीट चालत नसला की जास्तच जिवाला लागतं. मध्यंतरी असाच एक नेमबाजीचा गेम लावला. नेम धरताना कॅमेरा चिखलातून ओढल्यासारखा सरकायचा, झटक्यात मागे वळायला जावं तर अर्ध्यातच अडकायचा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस किती हलला की कॅमेरा किती वळावा ते प्रमाण, वरखाली करण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

मग पट्टी घेतली आणि टेबलावर २० सेंटिमीटरवर दोन चिकटपट्ट्या लावल्या. तेवढ्या अंतरात माउस मध्यम वेगाने सरकवला की पात्र पूर्ण गिरकी घ्यायचं. तेवढ्याच अंतरात झपकन सरकवला तर अर्धीसुद्धा नाही. अगदी हळूहळू सरकवला तर जागचं हलायचंच नाही. तिथे कोडं सुटलं. गेम माझ्या हालचालीचं रूपांतर आधी गेमपॅडवरच्या, अंगठ्याने कलवायच्या अ‍ॅनालॉग स्टिकच्या कलण्यात करत होता. स्टिक पूर्ण कलली की वळण्याचा वेग तिथेच थांबतो, त्यामुळे जोराचा झटका वाया जायचा. अंगठा नुसता टेकला तरी कॅमेरा भरकटू नये म्हणून स्टिकच्या मधोमध 'डेडझोन', म्हणजे हालचाल न मोजणारा भाग, ठेवलेला असतो, तो माझी बारीक हालचाल गिळायचा. सेन्सिटिव्हिटी वाढवली तरी वरची मर्यादा तिथल्या तिथेच, उलट आपण तिला लवकर धडकतो.

विंडोजमधलं, माउस जोरात हलवला की बाण जास्तच पळवणारं पॉइंटरचं अ‍ॅक्सलरेशन बंद केलं, ते दोन मिनिटांचं काम. गेम अनरियल इंजिन ३ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवरचा होता, म्हणून इनपुटच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये माउस स्मूदिंग, म्हणजे माउसची हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, 'ट्रू'चं 'फॉल्स' करून बंद केली. इंजिनच्या फाइलमध्ये चित्र एक फ्रेम मागे राहू देणाऱ्या 'वन फ्रेम थ्रेड लॅग'चंही तेच. गेम सुरू होताच दोन्ही फाइल पूर्ववत! त्या 'रीड ओन्ली' केल्यावरच बदल टिकले. फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) पडद्याच्या गतीशी जुळवणारं व्ही-सिंक बंद करून त्या सेकंदाला ६० वर बांधल्या, तेव्हा मात्र हात आणि पडदा यांच्यातला उशीर स्पष्ट कमी झाला. ६० फ्रेमला एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. तयार फ्रेम व्ही-सिंकच्या रांगेत थांबल्या, तर तेवढ्यातही नेम चुकतो.

वळण्याच्या वेगाची मर्यादा तरीही तशीच होती. ती काढायला चाहत्यांनी केलेला, गेममध्ये बदल करणारा छोटा पॅच लागला. त्याची डीएलएल (प्रोग्रामचा कोड असलेली) फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली की माउसची हालचाल स्टिकला वळसा घालून थेट कॅमेऱ्याच्या कोनात जाते. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवली. असले पॅच मी फक्त एकट्याने खेळायच्या गेममध्ये वापरतो, कारण ऑनलाइन गेमची अँटी-चीट (लबाडी पकडणारी) यंत्रणा त्यांना फसवणूक समजून बंदी घालू शकते.

पुन्हा चिकटपट्टीची चाचणी केली. सावकाश असो वा झपकन, गिरकी सारखीच! वर-खालीची हालचाल आडव्याच्या निम्मी निघाली, म्हणून पॅचमध्ये तो आकडा दुप्पट केला. मेनूत अजून बाणांच्या कळाच वापराव्या लागतात. त्या रात्री मात्र अडलेला टप्पा तिसऱ्या प्रयत्नात पार झाला.