गायिका गप्प असताना तिचा माइक

त्या दिवशी सकाळी कार्यक्रमाचा ध्वनियोजक म्हणून माझ्या हातात आलेल्या यादीत गायिकेच्या चॅनलपुढे मोठ्या डायफ्रामचा (ध्वनीने थरथरणाऱ्या पातळ पडद्याचा) एक स्टुडिओ कंडेन्सर, म्हणजे अतिशय संवेदनशील, माइक लिहिलेला होता आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलेली होती. गायिकेने आपली सगळी ध्वनिमुद्रणे त्याच जातीच्या माइकवर केली होती. तिचा आवाज मृदू होता. शब्दाच्या शेवटी स्वर सोडताना तो श्वासात विरून जात असे, आणि ऐकणाऱ्याला त्या विरण्याचीच ओढ लागत असे. तेवढे बारीक टिपणारा माइक तिला हवा होता, यात गैर काहीच नव्हते. मात्र रंगमंचावर तिच्याबरोबर व्हायोलिन, चेलो, बासरी, अकूस्टिक गिटार, पियानो आणि पूर्ण ड्रमसेट असणार होता. सभागृह मध्यम आकाराचे, छत फारसे उंच नसलेले आणि मागची भिंत कठीण अशी रचना होती. यादी वाचतानाच माझ्या मनात शंका आली होती, पण ती मी बोलून दाखवली नाही आणि माइक लावून टाकला. दिवसाची पहिली चूक ती, आणि ती माझी होती.

साउंडचेकच्या सुरुवातीला ती एकटी गायली तेव्हा सगळे सुंदर वाटले. स्टुडिओतल्या सवयीप्रमाणे ती माइकपासून सुमारे २५ सेंटिमीटरवर उभी होती आणि तिचा प्रत्येक उच्छ्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. मग ड्रम सुरू झाले, बाकीची वाद्ये आली, तिने मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज वाढवून मागितला, आणि मी फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, जरासा वर नेताच शिट्टी वाजली. इक्वलायझरवर ती पट्टी, म्हणजे शिट्टीच्या उंचीचे स्वर, कापली, तर दुसरी शिट्टी वाजू लागली. ती कापली, तर तिसरी घुमू लागली. चौथ्या कापणीनंतर शिट्ट्या थांबल्या, पण तोवर तिच्या आवाजातला जीवही गेला होता. वर विचित्र गोष्ट अशी की तिचा आवाज वाढवला की ड्रमही वाढत आणि सगळा मेळ दूरच्या खोलीत वाजत असल्यासारखा गढूळ होत असे.

अशा वेळी मी एक करतो, आणि ते सकाळीच करायला हवे होते. मी तिला म्हणालो, “ताई, एक गाणेभर तुम्ही काहीच गाऊ नका. माइकसमोर नेहमीसारख्या उभ्या राहा. बाकी सगळ्यांनी पूर्ण जोराने वाजवा.” मग हेडफोन लावून मी फक्त तिचा चॅनल ऐकला. आत सगळा ड्रमसेट होता. स्नेअरचा फटका, त्याहून वर सिंबलची सळसळ, मागे पियानोचा मंद्र भाग, आणि हे सारे वेडेवाकडे, डब्यातून आल्यासारखे. ड्रम तिच्या बरोबर मागे, माइकपासून साधारण साडेतीन मीटरवर होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ड्रमच्या स्वतःच्या माइकमध्ये पडलेला फटका गायिकेच्या माइकमध्ये सुमारे १० मिलिसेकंद उशिरा पुन्हा पडत होता. तिचा फेडर वर नेणे म्हणजे हा उशिराचा, विद्रूप ड्रमसेटही वर नेणे होते. गढूळपणाचे मूळ तिथे होते.

मी हेडफोन तिच्या कानाला लावले. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “दादा, हा माझाच माइक आहे ना?”

“हो, तुमचाच.”

“मग तो मला सोडून सगळ्यांनाच ऐकतो आहे.”

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो मी पुष्कळ जाणत्या लोकांच्या तोंडीही ऐकला आहे. कंडेन्सर “लांबचे खेचतो” असे म्हणतात. तो लांबचे खेचत नाही. त्याची संवेदनशीलता अधिक असते, म्हणजे तेवढ्याच ध्वनीला तो अधिक व्होल्टेज देतो, आणि त्या प्रमाणात आपण मिक्सरवर गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) कमी ठेवतो. जवळच्या आणि दूरच्या आवाजांचे परस्परांशी नाते त्यामुळे बदलत नाही. ते नाते दोन गोष्टी ठरवतात: तोंड माइकपासून किती अंतरावर आहे आणि माइक कोणत्या दिशेला किती बहिरा आहे. तिसरी गोष्ट आहे, पण तिच्याकडे फार कमी लोक पाहतात: बाजूने आलेला आवाज माइक नुसता कमी करतो की बिघडवूनही टाकतो. मोठ्या डायफ्रामचे अनेक माइक समोरून मोहक असतात, पण बाजूने आलेल्या उंच स्वरांचे रूप पालटून टाकतात. शांत स्टुडिओत ते कळत नाही, कारण तिथे बाजूला काही वाजतच नसते.

मी पेटीतून हातात धरायचे तीन माइक काढले. पहिला शुअरचा एसएम ५८, जो १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर आहे आणि ज्याच्याबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. दुसरा सुपरकार्डिऑइड डायनॅमिक, म्हणजे समोरच्या अरुंद भागातलेच जास्त ऐकणारा आणि कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील. तिसरा हातात धरायचा कंडेन्सर. तिन्हींवर तिने एकच ओळ ओठ जवळजवळ लावून गायली. २५ सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आल्याने कागदावरच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १४ डेसिबल मिळतात. अंतर निम्मे झाले की ६ डेसिबल, हा तो हिशेब. कोणतेही यंत्र न बदलता मिळणारी इतकी मोठी वाढ दुसरीकडे कुठेही नाही. तिची किंमत म्हणजे दिशादर्शी माइकला इतके जवळ गेल्यावर खर्ज फुगतो. तो मी लो-कट (खालचे स्वर कापणारी चाळणी) लावून आवरला. एसएम ५८ वर तिचा आवाज स्पष्ट होता पण किंचित टणक वाटला. कंडेन्सरवर श्वास सुरेख आला, पण सिंबलही तितकेच लखलखीत आले. सुपरकार्डिऑइड डायनॅमिकवर श्वासाची थोडी धार गेली आणि तिच्या मागचा गोंगाट सर्वांत कमी झाला. मी तो निवडला. तिने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरची खंत मला दिसली.

आणि मॉनिटर चालू करताच शिट्टी पुन्हा वाजली, आधीपेक्षा जोरात.

ही माझी दुसरी चूक. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक सर्वांत बहिरा असतो तो थेट मागे, १८० अंशांवर. म्हणून मॉनिटर गायकाच्या बरोबर समोर ठेवतात, जेणेकरून तो माइकच्या पाठीमागे येईल. सुपरकार्डिऑइडला मात्र मागच्या बाजूलाही थोडे ऐकू येते, आणि त्याच्या बहिऱ्या दिशा मागे दोन्ही बाजूंना, समोरून मोजल्यास सुमारे १२६ अंशांवर असतात. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच ठेवला, म्हणजे मी त्याच्या उघड्या कानातच मॉनिटर वाजवत होतो. एकाऐवजी दोन मॉनिटर घेऊन ते तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना तिरपे ठेवले, तेव्हा एकही पट्टी न कापता तिला हवा तेवढा आवाज मिळाला. सकाळपासून केलेल्या चारही कापण्या मी काढून टाकल्या.

तरीही ड्रम माइकमध्ये येतच होते. कसे येणार नाहीत? माइकचे तोंड तिच्याकडे होते आणि ती ड्रमच्या पुढे उभी होती, म्हणजे माइक थेट ड्रमकडेच पाहत होता. समोरून येणारा आवाज कोणताही पॅटर्न (माइकची दिशेनुसार ऐकण्याची ठेवण) अडवू शकत नाही. मी ड्रमवादकाला विनंती केली की सेट मध्यातून काढून डाव्या बाजूला, जवळजवळ गायिकेच्या रेषेत आणावा. मांडलेला सेट हलवायला सांगणे ही लहान गोष्ट नाही; त्याने काही न बोलता सगळे उचलले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. बाजूने, ९० अंशांवरून येणारा आवाज कार्डिऑइडमध्ये ६ डेसिबल कमी होतो आणि सुपरकार्डिऑइडमध्ये सुमारे ८.७. गायिकेला पुन्हा गप्प राहायला सांगून मी तिचा चॅनल ऐकला. ड्रम अजून होते, पण आता ते दूर होते आणि त्यांचे रूप ओळखू येत होते.

एक गोष्ट मध्येच घडली. दुसऱ्या गाण्यात तिने माइक स्टँडवरून काढून हातात घेतला, भावनेच्या भरात जाळीभोवती मूठ आवळली आणि माइक किंचाळला. जाळीच्या मागच्या भागातून आत जाणाऱ्या हवेवरच माइकचे बहिरेपण अवलंबून असते. ती वाट बंद केली की तो सर्व दिशांनी ऐकू लागतो. मी मंचावर जाऊन दांडा कुठे धरायचा ते दाखवले आणि तिने ते लगेच आत्मसात केले.

बाकीच्या वाद्यांना त्या मानाने कमी वेळ लागला. व्हायोलिन आणि चेलोला लवचीक मानेचे छोटे क्लिप माइक लावले, कारण वादक हलला तरी अंतर बदलत नाही. गिटारचा माइक भोकासमोरून हटवून गळा जिथे पेटीला मिळतो तिकडे, वीसेक सेंटिमीटरवर नेला. भोकासमोर नुसता घुमारा मिळतो. बासरीवादकाचा आग्रह होता की माइक फुंकेच्या छिद्रासमोरच हवा. तिथे स्वरापेक्षा फुंक जास्त येत होती. बासरीचा आवाज फुंकेच्या छिद्रातून येतो तसाच उघड्या छिद्रांतूनही येतो, म्हणून माइक थोडा वर आणि दोन्हींच्या मधोमध ठेवला. हेडफोनवर दोन्ही जागा ऐकल्यावर त्याने स्वतःच दुसरी मागितली. पियानोत दोन छोटे कंडेन्सर तारांजवळ ठेवून झाकण अर्धेच उघडे ठेवले. ड्रमला आठ माइक लावण्याचा बेत होता, त्यातले तीन मी काढले. एवढ्या सभागृहात टॉम (ड्रमसेटमधले मधले ढोल) स्वतःच पुरेसे ऐकू येतात, आणि उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वीची, म्हणजे शिट्टी वाजण्यापूर्वीची, मोकळीक ३ डेसिबलने कमी होते. गरज नसलेला माइक हा निरुपद्रवी असतो असे मला कधीच वाटलेले नाही.

सगळे मिळून बारा माइक उघडे राहणार होते. तेराव्या स्टँडवर, पियानोच्या वळणाजवळ, मी तिचा तो स्टुडिओ कंडेन्सर ठेवला आणि चॅनल बंद केला. ती विचारू लागली तेव्हा मी म्हणालो, “ताई, शेवटचे गाणे तुम्ही नुसत्या पियानोवर गाता ना? ते इथे गा.”

कार्यक्रम सरळ पार पडला. शेवटच्या गाण्याआधी बाकीचे वादक वाद्ये खाली ठेवून स्तब्ध बसले, पियानोवादकाने झाकण पूर्ण उघडले आणि ती कंडेन्सरसमोर तिच्या नेहमीच्या अंतरावर जाऊन उभी राहिली. मी तिचे दोन्ही मॉनिटर बंद केले. पियानो तिच्या हाताशी होता, तिला त्यांची गरज नव्हती. मग बारांपैकी दहा माइक बंद केले आणि तेरावा उघडला. बाराचे तीन झाले, म्हणजे ६ डेसिबलची मोकळीक हाती आली, आणि मॉनिटर गेल्याने त्याहूनही बरीच. त्यातले मी जेमतेम ३ डेसिबल वापरले. पहिल्या ओळीच्या शेवटी तिने स्वर सोडला, तो श्वासात विरत गेला, आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीशी माझ्या जागेवर उभा राहून तो कुठे संपला ते मला ऐकू आले.