‘ब्राइड्समेड्स’मधलं भांडण खरं पैशाचं आहे

‘ब्राइड्समेड्स’ (2011) हा सिनेमा बघून झाल्यावर लोक साधारण दोनच गोष्टी बोलतात: मेगन कसली धमाल आहे, आणि हेलन कसली आगाऊ आहे. मेगनबद्दल वादच नाही. हेलनबद्दलचं मत मात्र आपण नायिकेकडून, ॲनीकडून, उसनं घेतलेलं असतं, कारण दोन तासांहून जास्त वेळ कॅमेरा ॲनीचा पिच्छा सोडत नाही. तिला जे खुपतं ते आपल्यालाही खुपायला लागतं. माझं म्हणणं असं, की या सिनेमातलं भांडण मैत्रिणीवरच्या हक्काचं दिसत असलं तरी ते पेटतं प्रत्येक वेळी पैशावरून. कोण किती खर्च करू शकतं, कोण ते लपवतं, आणि कोणाच्या ते लक्षातच येत नाही, एवढं धरून बघितलं की सगळी पात्रं वेगळी दिसायला लागतात.

ॲनीपासूनच सुरुवात करावी लागते. मिलवॉकीत तिची ‘केक बेबी’ नावाची बेकरी होती. मंदीत ती बंद पडली, बरोबरचा मित्रही सोडून गेला. आता ती एका दागिन्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, तीही आईच्या ओळखीने लागलेली नोकरी. हे सगळं एका दमात सांगितलेलं नाही, तुकड्यातुकड्याने कळतं. त्यातला सगळ्यात छान तुकडा अगदी सुरुवातीला येतो. बागेत व्यायामाचा क्लास चालू असतो आणि ॲनी आणि तिची जिवलग मैत्रीण लिलियन झाडाआड लपून, फी न भरता तोच व्यायाम करत असतात. ट्रेनर ओरडतो तशा दोघी पळतात. पहिल्यांदा बघताना हा नुसता विनोद वाटतो. पण या मैत्रीचा पाया काय आहे ते इथे कळतं: दोघींकडे पैसे नाहीत आणि दोघींना त्यात मजा येते. लिलियनचं लग्न ठरतं ते डगीशी, आणि हेलन आहे डगीच्या बॉसची बायको. म्हणजे लग्नासोबत लिलियन एका श्रीमंत वर्तुळात जाते आणि ॲनी झाडाआड एकटीच उरते.

अमेरिकेतल्या ब्राइड्समेड या पदाचा हिशोब ठाऊक असला तर पुढचं सगळं जास्त बोचतं. आपल्याकडे करवलीला मानाची साडी मिळते. तिकडे ब्राइड्समेडने सहसा स्वतःचा ड्रेस स्वतः घ्यायचा, लग्नाआधीच्या सहलीचा खर्च उचलायचा, शॉवरला, म्हणजे नवरीला भेटी देण्याच्या पार्टीला, भेट न्यायची. बेत ठरवणार दुसरं कोणी, पाकीट मोकळं होणार प्रत्येकीचं. मेड ऑफ ऑनर, म्हणजे मुख्य ब्राइड्समेड, हिच्यावर हे सगळं जुळवायचीही जबाबदारी. कफल्लक ॲनीला हे पद मिळतं आणि ती एकदाही सरळ म्हणत नाही, की मला हे परवडत नाही. तिची मूळ चूक हीच. सहलीसाठी लिलियनच्या आईवडिलांच्या तळ्याकाठच्या घरी जाऊ, असं ती सुचवते. बेत स्वस्त आहे असं म्हणत नाही, छान आहे असं म्हणते. मग हेलन लास व्हेगास काढते आणि ॲनीकडे बोलायला काही उरत नाही, कारण खरं कारण तिने आधीच झाकून ठेवलंय.

विमानातला प्रसंग याच झाकण्यातून जन्मतो. बाकीच्या फर्स्ट क्लासमध्ये. हेलन ॲनीच्या तिकिटाचे पैसे द्यायला तयार असते, ॲनी नको म्हणते आणि मागे इकॉनॉमीत बसते. विमानाची भीती घालवायला हेलनच तिला गोळी देते, वर दारू. मग ॲनी पुन्हा पुन्हा पडद्यापलीकडे जाते आणि कर्मचारी तिला पुन्हा पुन्हा मागे आणून बसवतात. त्या पडद्यासाठीच हा प्रसंग रचलाय असं मला वाटतं. शेवटी विमान वायोमिंगमधल्या कॅस्परला उतरवावं लागतं आणि सगळ्या बसने परत येतात. त्या बसमध्येच लिलियन ॲनीकडून जबाबदारी काढून हेलनला देते. (विमानात ॲनीच्या शेजारी बसलेली घाबरट बाई म्हणजे ॲनी मुमोलो, ॲनीची भूमिका करणाऱ्या क्रिस्टन विगसोबत ही पटकथा लिहिणारी. पात्राचं नाव आणि लेखिकेचं नाव एकच, त्यामुळे गोंधळ होतो.)

साखरपुड्याच्या पार्टीतला भाषणांचा सामना सावकाश बघा. ॲनी माइक घेते आणि दोन साधी वाक्यं बोलते. तिथे थांबली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. हेलन माइक घेते, जास्त सफाईने, जास्त डोळे भरून बोलते. ॲनी परत उठते. मग हेलन. मग ॲनी. दर वेळी आधीच्यापेक्षा थोडं जास्त. हेलन थाई भाषेत काहीतरी बोलते, तर ॲनी मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर येते, आणि शेवटी दोघी गायला लागतात. विनोदाची रचना म्हणून हा प्रसंग आदर्श आहे. नियम एकच, माइक शेवटी आपल्या हातात राहायला हवा, आणि दोघीही तो मोडत नाहीत. एकही शिवी नाही, एकही टोमणा नाही, दोघी लिलियनचं कौतुकच करतायत. पण दोघींच्या डोळ्यांत एकमेकींवर पाळत आहे. लिलियन झालेल्या माया रुडॉल्फचा चेहरा इथे बघण्यासारखा आहे. ओठांवर हसू, आणि कोणीतरी हे थांबवा असे डोळे.

आता हेलन. रोज बर्नने ती ज्या संयमाने केलीय, त्याला या सिनेमात तोड नाही. आवाज चढत नाही, केस हलत नाहीत, आणि प्रत्येक वाक्य दिसायला मदतीचं असतं. तिच्या वागण्यात दुष्टपणा शोधायला गेलं तर फार थोडा सापडतो. तिला पैशाशिवाय दुसऱ्या कुठल्या मार्गाने जवळ जाता येत नाही, ही तिची खरी अडचण. टेनिसच्या प्रसंगात तिची सावत्र मुलं तिच्याशी किती तुसडेपणाने बोलतात ते बघा, काही सेकंदांचाच तुकडा आहे. ॲनी आणि ती एकमेकींच्या अंगावर चेंडू मारायला लागल्या की प्रेक्षक तो विसरून जातो, पण लेखिकांनी धागा तिथेच पेरलेला आहे. पुढे ती ॲनीसोबत गाडीत असताना रडते आणि सांगते, की नवरा कायम बाहेरगावी, मुलांना ती नकोशी, मैत्रीण म्हणावी अशी कोणी नाही. हे आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही ते त्या टेनिसच्या तुकड्यामुळे.

तिने एक गोष्ट मात्र चोरली आणि तिथे तिची बाजू घेता येत नाही. पॅरिस थीमची ब्राइडल शॉवर ही कल्पना ॲनीची. हेलन ती आधी बाजूला सारते आणि नंतर स्वतःची म्हणून थाटात उभी करते, पाहुण्यांना निरोपाची भेट म्हणून कुत्र्याची पिल्लंसुद्धा. ॲनीने हाताने केलेला, जुन्या आठवणींनी भरलेला डबा आणलेला असतो. लिलियनला तो मनापासून आवडतो. त्यानंतर हेलनची भेट उघडते: पॅरिसची खरीखुरी सहल. भेटींचा हा क्रम मुद्दाम ठेवलाय. डबा आधी उघडला नसता तर ॲनीचा पुढचा तमाशा, ती अवाढव्य कुकी फोडणं, चॉकलेटच्या कारंज्यावर तुटून पडणं, निव्वळ आक्रस्ताळेपणा ठरला असता. आता आपल्याला ती चुकतेय हेही कळतं आणि का चुकतेय हेही.

लिलियनबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला ते पटत नाही. विग आणि रुडॉल्फ ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमात एकत्र होत्या, ती सवय पहिल्याच कॅफेतल्या गप्पांमध्ये जाणवते. दाताला खाणं चिकटवून वेडेवाकडे चेहरे करणं, एकमेकींचं वाक्य अर्ध्यावर उचलणं. अशी जवळीक लिहून आणता येत नाही. पण लिलियन दोषीही आहे. मैत्रिणीची बेकरी बुडालीय हे तिला माहीत आहे, आणि तरीही महागडा ड्रेस, व्हेगास, फर्स्ट क्लास या कशालाही ती नाही म्हणत नाही. नव्या माणसांसमोर आपण कोणी तरी आहोत हे सुख तिला सोडवत नाही. हेलन लादते तेवढंच लिलियन घेते. शेवटी लग्नाच्या दिवशी ती स्वतःच्या जुन्या घरात लपून बसते ते याच ओझ्याने. ती पळालेली असते नवऱ्यापासून नव्हे, समारंभापासून. आणि तिला बाहेर काढायला ॲनीच लागते.

ड्रेसच्या दुकानातला प्रसंग अनेकांना किळसवाणा म्हणून आठवतो. त्यातल्या एका मिनिटाकडे लक्ष द्या. जेवणाचं ब्राझिलियन हॉटेल ॲनीने निवडलेलं, तिच्या खिशाला झेपणारं. मांस खाल्लेल्या सगळ्यांची पोटं बिघडतात, हेलनने ते खाल्लेलं नसतं म्हणून ती ठणठणीत. ॲनी घामाने निथळत, पांढरीफटक पडून उभी असते आणि म्हणत राहते, की मला काही झालेलं नाही. हेलन शांतपणे साखरेत घोळलेला बदाम तिच्यापुढे धरते. ॲनी तो तोंडात टाकते आणि चावते. हॉटेलची निवड चुकली हे कबूल करायचं नाही, म्हणून. आरडाओरडा आणि धावपळ पलीकडे चालू आहे, पण खरा सामना या एका बदामावर खेळला जातो. ॲनीचा सगळा स्वभाव त्यात आला.

मेगन ही डगीची बहीण. मेलिसा मॅकार्थीला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, पटकथेलाही मिळालं. तिचे विनोद सगळ्यांना पाठ असतात, म्हणून मी दुसरंच सांगते. या सहाजणींत स्वतःची किंमत दुसऱ्याकडून ठरवून न घेणारी ती एकटी आहे. शॉवरमधून ती नऊ पिल्लं घेऊन येते, जरा जास्तच झाली हेही स्वतःच सांगते, आणि ॲनीच्या सोफ्यावर बसून तिला अक्षरशः कुस्ती खेळायला लावते. शाळेत आपला किती छळ झाला आणि आज आपण कुठे आहोत हे ती सांगते तेव्हा त्यात रडगाणं नसतं. तुझी अडचण तूच आहेस, असं ॲनीला तोंडावर सांगायचा अधिकार तिलाच शोभतो. लिलियन हे प्रेमापोटी बोलू शकत नाही आणि हेलनने बोललं असतं तर ॲनीने ऐकलं नसतं.

पुरुष पात्रांवर फार वेळ घालवावासा वाटत नाही. ॲनी ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते तो टेड स्वार्थी आहे, तेवढंच त्याचं काम. पोलीस असलेला ऑफिसर ऱ्होड्स चांगला लिहिलाय, कारण तो ॲनीला तिच्या केकमुळे ओळखतो. तिचे मागचे दिवे बंद म्हणून तो गाडी अडवतो, ‘केक बेबी’चं नाव निघतं आणि पावती न फाडता तो दिवे दुरुस्त करून घे म्हणतो. ती सिनेमाभर ते काम टाळत राहते. एकत्र घालवलेल्या रात्रीनंतर सकाळी तो तिच्यापुढे बेकिंगचं सामान मांडतो तेव्हा मात्र त्याची घाई होते. बुडालेल्या धंद्याची आठवण काढणं म्हणजे प्रोत्साहन नव्हे, हे त्याला कळत नाही. ती तिथून निघून जाते ते मला तरी योग्यच वाटलं. पुढे ती माफीचा केक करून त्याच्या दारात ठेवते. तो केक ती स्वतःहून करते, म्हणूनच त्याला काही अर्थ आहे.

सिनेमाचा खरा तोटा रीटा आणि बेका यांच्यात आहे. तीन मुलगे आणि लग्नाला विटलेली रीटा, नुकतं लग्न झालेली भाबडी बेका. वेंडी मॅक्लेंडन-कोव्ही आणि एली केंपर दोघी तयारीच्या विनोदी नट्या. विमानात या दोघी शेजारी बसून लग्नाविषयी जे बोलतात, ते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात धीट संभाषण आहे. एकीला जे हवंय ते दुसरीला मिळालंय आणि दोघीही खूश नाहीत. दारूच्या नशेत तो प्रसंग चुंबनापर्यंत जातो. आणि मग काहीच नाही. कॅस्परनंतर त्या गर्दीतल्या दोन चेहऱ्यांसारख्या उरतात, रीटा घरी गेल्यावर काय झालं, बेकाचा नवरा कसा निघाला, काही कळत नाही. लग्न म्हणजे नेमकं काय पदरात पडतं हा प्रश्न या सिनेमात फक्त या दोघींनी विचारला होता. व्हेगासची सहल रद्द झाली तेव्हा त्यांची गोष्टही रद्द झाली, आणि ॲनी-ऱ्होड्सच्या एखाद्या प्रसंगाला कात्री लावून त्यांना दहा मिनिटं द्यायला हवी होती.