स्मरणिकेसाठी घरच्या संगणकात एक्सपी

आमच्या गिरगावातल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या आहेत. सीडी शाबूत, फायली शाबूत, पण नव्या विंडोजमध्ये त्या उघडत नाहीत. मजकूर कसाबसा बाहेर काढला तरी मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तेव्हाचे फाँट युनिकोड नव्हते, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीचे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाँट नाही तर मजकूर नाही.

खजिनदार काका म्हणाले, "अगं, लॅमिंग्टन रोडवरून एखादं जुनं मशीन उचल." मला ते पटलं नाही. जुन्या मशीनची हार्ड डिस्क कधी बसेल याचा नेम नसतो. त्यापेक्षा व्हर्च्युअल मशीन बरं, म्हणजे आपल्याच संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. तो म्हणजे शेवटी काही फायली. त्यांची प्रत काढून पुढच्या कार्यकारिणीच्या हातात देता येते. म्हणून असं मशीन बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स घेतलं. त्यात पेजमेकर चालेल अशी जुनी विंडोज, म्हणजे एक्सपी, टाकायची होती; तिची सीडी मंडळाच्या कपाटात होतीच.

मशीन सुरूच होईना. व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) उपलब्ध नाही, असा संदेश. अशा वेळी सगळं काढून पुन्हा टाकत बसू नका. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन'समोर काय लिहिलंय ते वाचा. माझ्याकडे 'डिसेबल्ड' होतं. प्रोसेसरमध्ये सोय असते, पण बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बऱ्याचदा बंद असते. तिथे जाऊन चालू केली. एएमडी प्रोसेसरवाल्यांनी ती 'एसव्हीएम' नावाने शोधावी.

मग मशीन चाललं, पण रखडत. खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसलं तर समजायचं की विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, मध्ये बसलंय. माझ्याकडे विंडोजच्या 'मेमरी इंटिग्रिटी' या सुरक्षेच्या सोयीमुळे ते चालू होतं. ते संरक्षण खरोखर कामाचं आहे, म्हणून तेवढ्यापुरतं बंद केलं आणि काम झाल्यावर पुन्हा लावलं.

खरी अडचण पुढे आली. एक्सपीचा सेटअप म्हणे, संगणकात हार्ड डिस्कच नाही! डिस्क तर समोर बनवलेली. कारण सरळ आहे: एक्सपी २००१ चं, आणि साटा जोडणीच्या डिस्क आज ज्या एएचसीआय पद्धतीने संगणकाशी बोलतात ती त्यानंतरची. सीडीत तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत विंडोजला समजावणारं सॉफ्टवेअर, नाहीच. त्या काळी ऑपरेटर एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देत, ते यासाठीच. इथे फ्लॉपीची गरज नाही. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये डिस्क साटावरून काढून जुन्या, एक्सपीच्या ओळखीच्या आयडीई कंट्रोलरवर लावली आणि सेटअप पुढे सरकला. नंतर ती पुन्हा साटावर नेऊ नका. सुरू होतानाच निळा पडदा येतो, ७बी या एरर कोडचा.

मेमरी ५१२ एमबी पुरली. नेटवर्क मात्र मी तोडूनच ठेवलं. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टचा आधार नाही, त्याला इंटरनेट दाखवायचं कारणच नाही. फायली आत नेण्यासाठी गेस्ट अ‍ॅडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर टाकून दोन्हीकडून दिसणारा शेअर्ड फोल्डर केला.

आधी फाँट, मग पेजमेकर, मग फाईल. पान उघडलं तेव्हा वर्गणीदारांची यादी, आरतीचं पान, दुकानांच्या जाहिराती, सगळं जागच्या जागी होतं. काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी आधी यादीच वाचून काढली.

आता मजकूर युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टर बरंचसं काम करतो, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर तिथेच चुकतो. आडनावांत तर फार जपावं लागतं, कारण ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून चाळीत राहतात. जुन्या फायली कोणाकडे असतील तर त्यांच्याबरोबर फाँटचीही प्रत आजच काढून ठेवा.