मेसची सुट्टी आणि चिऊची बादली

27 जुलै, रविवार. रात्री साडेदहा.

मेसला आज संध्याकाळी सुट्टी. दुपारी फीस्ट होती, गुलाबजाम दोनच, तिसरा मागितला की ताई वाढायचा चमचा हवेतच धरून बघते. त्याच वेळी मावशीचा फोन आला. चिऊचा पुणे विद्यापीठात नंबर लागला, एम. ए. इतिहास. मावशी रडत होती का हसत होती ते कळेना. "तुझं वरीस झालं तिथं. तिला सगळं नीट सांग बाई."

मी हो म्हणाले आणि जेवून आल्यावर मोबाइलवर यादी करायला बसले. सतरा मुद्दे झाले. वाचून बघितले तर करिअर मेळाव्यातल्या पाहुण्यांचं भाषण. वेळेचं नियोजन, चांगली संगत, आरोग्याची काळजी. पुसून टाकले. त्यापेक्षा मागच्या वर्षी माझं काय काय झालं ते इथं लिहिते, त्यातलं तिला काय सांगायचं ते बघू.

पहिल्या दिवशी मी मेन गेटातून आत शिरले आणि विभाग शोधायला चाळीस मिनिटं लागली. आवार 411 एकरांचं. ऊन, पाठीवर सॅक, हातात फाइल. वडाखाली बसलेल्या एका मुलाला विचारायचं होतं, पण तोंड उघडलं की आपण परभणीचे हे कळेल, म्हणून विचारलं नाही. मुख्य इमारतीला, त्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्याला, दोनदा वळसा घातला. नंतर कळलं, तो मुलगा जिंतूरचा होता आणि त्यालाही त्याचा विभाग सापडत नव्हता.

भाषेचं तर विचारायलाच नको. "काय करायलीस?" असं मी रूममध्ये सहज म्हणाले तर कुणी हसलं नाही, पण मी आठवडाभर बोलण्याआधी वाक्य मनात घासून घ्यायचे. वर्गात त्याहून वाईट. मी बी. ए.पर्यंत मराठी माध्यमात, इथं अर्थशास्त्राची लेक्चरं बरीचशी इंग्रजीत. सर 'डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी' म्हणाले आणि पुढची सगळी मान हलवायला लागली. मीही हलवली. तीन आठवडे नुसती मान हलवली. मग एका रात्री जयकर ग्रंथालयात एक मराठी पुस्तक हाताला लागलं आणि त्यात दिसली घटती सीमांत उपयोगिता! अगं, ही तर बारावीची. पहिली भाकरी गोड लागते, चौथी नको होते, असं मला आमच्या मॅडमनी फळ्यावर भाकऱ्या काढून शिकवलेली. मला विषय येत होता, फक्त त्याचं इथलं नाव माहीत नव्हतं. त्या रात्री दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी. इलॅस्टिसिटी, लवचिकता. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, संधी खर्च. दिवाळीपर्यंत अर्धी वही भरली. आता ती चार जणींनी झेरॉक्स करून नेली आहे, त्यातल्या दोघी इंग्रजी माध्यमाच्या. त्यांना सेटसाठी, म्हणजे प्राध्यापक होण्याच्या पात्रता परीक्षेसाठी, मराठी शब्द हवे होते म्हणे. चिऊनं अशी वही पहिल्याच दिवशी घालावी. इतिहासात तर जास्तच लागेल.

हजेरीचा हिशोब मला कुणी सांगितला नव्हता, तो आकड्यांत सांगितला की डोक्यात बसतो. एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, पंधरा तासांचा. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात साठ तास. पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे पंचेचाळीस. हातात उरले पंधरा. खूप वाटतात. पण आठवड्याला त्या विषयाचे चार तास असतात, त्यामुळं एकदा आठवडाभर घरी गेलं की प्रत्येक विषयातले चार गेले. गणपती बरोबर महिन्यावर आलेत आणि आमच्याकडं महालक्ष्म्यांना पोरगी घरी नाही असं होतच नाही. तेवढं धरायचंच, मी तरी धरते. मग पुण्याच्या पावसातला एक ताप धरायचा. ज्यांना पहिल्या महिन्यात दर शुक्रवारी रात्रीची गाडी पकडायची सवय लागते, ती पोरं नोव्हेंबरात विभागाच्या नोटीस बोर्डासमोर नखं खात उभी असतात. शिवाय आमच्या विभागात निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. वर्षभर झोपून परीक्षेआधी पंधरा दिवस जागायचं, हे बी. ए.ला चाललं, इथं सत्र सुरू झाल्यावर महिन्याभरात पहिली चाचणी येऊन ठेपते.

कागदपत्रं. टी. सी. एकदा दिला की परत येत नाही, म्हणून देण्याआधी पाच झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो. बाकी ओरिजिनल दाखवायचं, हातचं सोडायचं नाही. एवढंच.

शिष्यवृत्तीचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तो मूर्खपणा सर्वस्वी माझा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, अर्ज वेळेत भरला, त्रुटीही निघाली नाही. पैसे येईनात. मी इथं नवीन खातं उघडलेलं, रोज त्याचा बॅलन्स बघायचे. मामाकडून मेसचे पैसे दोनदा उसने घेतले, दुसऱ्यांदा घेताना मामीचा आवाज बदलला होता. उन्हाळ्यात घरी गेले तर आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, माझं शाळेतलं पासबुक. बँकेत जाऊन एंट्री मारून आणली, पैसे तिथं केव्हाचे येऊन पडलेले! हे पैसे आपल्या मनातल्या खात्यात जात नाहीत, आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात. कुठलं जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसतं. ती दोन मिनिटं मी वर्षभर काढली नाहीत. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी.

पैशाची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजना आहे. भाऊराव पाटलांचं नाव असलेली, विद्यार्थी विकास मंडळाची. वर्ष सुरू होतानाच अर्ज निघतात, नंतर जागा नसते. माझी रूममेट रोपवाटिकेत काम करायची, सुरुवातीला लाजायची, आता आवारातल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगते आणि ऐकावं लागतं.

मेसचा खाडा आदल्या दिवशी सांगायचा. सलग तीन दिवसांचा असेल तरच बिलातून वजा होतो, आमच्याकडं तरी.

आता रविवारचं. हे मावशीला सांगता येणार नाही, म्हणून इथंच.

मागच्या वर्षीचे पहिले पाच रविवार मी संध्याकाळी जेवले नाही. मेस बंद, बाहेर खायचं म्हणजे ऐंशी-शंभर रुपये, आणि कुणाबरोबर जायचं? शेजारच्या खोल्यांतून तयार होण्याचे, हसण्याचे आवाज यायचे, मग दारं वाजायची, मग मजला गप्प. मी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायचे. घरून फोन आला की सांगायचे, जेवले, पनीर होतं. दशम्या तिसऱ्या रविवारी संपल्या. चौथ्या रविवारी नुसती चटणी खाल्ली आणि आठ वाजता दिवा घालवून पडले. सोमवारी वर्ग असायचा म्हणून उठायचे. अभ्यास चालू होता, टिपणं नीट होती, बाहेरून बघणाऱ्याला माझं बस्तान बसलंय असंच वाटलं असतं.

सहाव्या रविवारी दार वाजलं. कोपऱ्यातल्या खोलीतली अमळनेरची मुलगी, जिच्याशी मी तोवर फक्त नळावर बोलले होते. हातात कांदा. "तुझ्याकडे चटणीचा वास येतो दर रविवारी. माझ्याकडे कळण्याची भाकरी आहे, चार दिवसांची. चालेल?" भाकरी कडक झाली होती, पाणी लावून मऊ केली. तिनं सांगितलं की ती तीन रविवार माझ्या दारापर्यंत येऊन परत गेली होती. मला आतून कुणी येण्याचा आवाज कधीच आला नव्हता. म्हणजे आम्ही दोघी, मध्ये एक सनमायकाचं दार, आणि दोघींना वाटायचं की बाकी सगळ्यांचं छान चाललंय.

त्यानंतर आमच्या मजल्यावर रविवारची पंगत सुरू झाली. नऊ जणी झालो होतो एकदा. सेमिनारचे विषय तिथंच वाटले गेले, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला 'मला हे कळलं नाही' असं म्हणाले ते त्या पंगतीत. मग वर्गात म्हणायला जड गेलं नाही. सरांच्या केबिनबाहेर 'पाच मिनिटं आहेत का' म्हणत उभी राहिले तर त्यांनी चाळीस मिनिटं दिली. आमच्यातल्या एकीला जानेवारीत फारच जड गेलं, झोप उडाली. तेव्हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर आम्ही तिच्यासमोर बसून लावला, मराठीत बोलले पलीकडून. ती आज दुपारी फीस्टला तिसऱ्या गुलाबजामसाठी भांडत होती.

अकरा वाजले. चिऊचा मेसेज आलाय. "ताई, काय काय आणू? यादी पाठव."

लिहिलं: दशम्या जास्त आण, नऊ जणींना पुरतील एवढ्या. रविवारी संध्याकाळी माझ्या मजल्यावर यायचं, विचारायचं नाही, यायचं. आधार कुठल्या खात्याला आहे ते आज रात्री बघ. बादली आणू नको, गाडीत सांभाळायला त्रास होतो, इथं घेऊ.

तिचं उत्तर आलं: "बादली आईनं घेतली. झाकणाची."