एकतीस आणि एक, दोन्ही विषम

१ ऑगस्टला पावणेअकराच्या सुमारास दुसरं लेक्चर संपवून मी मागच्या गेटातून बाहेर आले. पाऊस नुकताच थांबला होता. सगळा रस्ता ओला, आणि माझी अ‍ॅक्टिव्हा जिथे लावली होती तेवढीच जागा कोरडी. पानाच्या टपरीवरचे काका म्हणाले, "आत्ताच उचलली ताई. पाच मिनिटं पण झाली नसतील."

आमच्या हॉस्टेलमागच्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग आहे. विषम तारखेला भिंतीच्या बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला समोरच्या. पुण्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही, पण बहुतेकांची गाडी रात्री सोसायटीच्या आत जाते. आमची रात्रंदिवस रस्त्यावर असते. शिवाय हॉस्टेलचं गेट रात्री दहाला बंद होतं आणि सकाळी लेक्चरची घाई असते, म्हणून आम्ही रात्री साडेनऊलाच खाली उतरून गाडी उद्याच्या बाजूला लावून ठेवतो. महिनाभर हातांना तीच सवय. ३१ जुलैच्या रात्रीही मी तेच केलं. ३१ नंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम असतात, हे काही डोक्यात आलं नाही. चूक माझीच. नो पार्किंगचे पाचशे आणि वर टोइंगचे वेगळे भरून दुपारी गाडी सोडवून आणली. दोन प्रॅक्टिकल बुडाली.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने दंडाचं काही विचारलंच नाही. "गाडीला कुठं खरचटलं न्हाई ना गं?" एवढंच.

ती गाडी मुळात आईची. ती बार्शी तालुक्यात आमच्या गावात आशा सेविका आहे. गाव आणि दोन वस्त्या याच गाडीवर करायची. मला कोथरूडला नववी-दहावीच्या क्लासमध्ये गणित शिकवायचं काम मिळालं, आणि दोन बस बदलून परत येता येता गेट बंद व्हायची वेळ व्हायला लागली, तेव्हा तिने स्वतःहून किल्ली दादाच्या हातात दिली. दादा कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत एका दिवसात गाडी पुण्याला घेऊन आला आणि रात्रीच्या एसटीने परत गेला. आई आता शेजारच्या काकूंच्या मागे बसून वस्तीवर जाते. क्लासचे मला महिन्याला साडेचार हजार मिळतात, त्यातून माझी मेस भागते. ही गाडी मला हिंडायला नको आहे, हे एवढ्यासाठी लिहिलं.

कॉलेजमध्ये पार्किंग नाही असं नाही. पण त्याला स्टिकर लागतो आणि स्टिकर फक्त घरून येणाऱ्या मुलांना मिळतो. पहिल्या वर्षी मी ऑफिसात अर्ज घेऊन गेले, तर खिडकीतून उत्तर आलं, "तुम्ही आतच राहता ना? मग गाडी कशाला?" या प्रश्नावर मी खूप विचार केला आहे. लेक्चरला जायला मला गाडी लागत नाही, हे खरं. पण लेक्चर संपल्यावर घरून येणारी मुलगी आपल्या घरी जाते. तिथे तिची गाडी जिन्याखाली उभी राहते, आजारी पडली तर वडील दवाखान्यात नेतात. आमचं पुण्यातलं घर म्हणजे हे हॉस्टेल. कामाला जायचं, औषध आणायचं, पहाटे स्वारगेटला एसटी पकडायची, सगळं इथूनच. जिला दुसरीकडे गाडी ठेवायला जागा आहे तिला आत जागा मिळते आणि जिला कुठेच नाही तिची गाडी बाहेर राहते.

बाहेर म्हणजे कशी, तेही सांगते. रस्त्याच्या त्या टोकाला दिवा नाही. रात्री गाडी लावून गेटपर्यंत यायला माझी चारशेवीस पावलं होतात. आम्ही दोघी-तिघी एकत्रच येतो, एकटी असले तर फोन कानाला लावून. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने गुलमोहराची फांदी पडली, एका सिनियरच्या स्कूटीचा पुढचा भाग चेपला. कुत्र्यांनी माझी सीट फाडली आहे. आतल्या फोमला पाणी धरतं, म्हणून पावसाळाभर मी सीटवर दुधाच्या पिशव्या कापून, चिकटपट्टीने जोडून केलेलं कव्हर घालते. जुलैत दोघींच्या गाडीतलं पेट्रोल गेलं. तक्रार करायला गेलं तर पहिला प्रश्न हाच, की हॉस्टेलच्या मुलीने गाडी आणलीच का.

गेटवरच्या वॉचमन काकांना मी कधी दोष देणार नाही. एकदा धो धो पावसात मी म्हटलं, काका, आजची रात्र आत घेऊ द्या. ते छत्री घेऊन माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले, पण आत घेऊ दिली नाही. "वर कॅमेरा हाय ताई. माझी नोकरी जाईल." त्यांची स्वतःची सायकल गेटाच्या आत, केबिनच्या भिंतीला टेकवलेली असते. तेवढीच जागा त्यांच्या हातात आहे.

दंड भरला त्या आठवड्यात मी आणि माझ्या रूममेटने मोजायचं ठरवलं. आम्ही दोघी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या. इमारतीचे प्लॅन काढताना यूडीसीपीआर, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीतला पार्किंगचा तक्ता वापरावाच लागतो: मोटारीला अडीच मीटर बाय पाच, दुचाकीला एक बाय दोन. म्हणजे क्षेत्रफळाने एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी. पण स्टाफच्या मोटारींची जागा आम्ही मागतच नाही. ती संध्याकाळी सहानंतर रिकामी असते हे खरं, तरी सकाळी साडेआठला तिथून गाड्या काढून न्यायच्या कुठे?

जुन्या वर्कशॉपच्या मागे एक पट्टा आहे. तिथे मोडके बाकडे, गंजलेला काँक्रीट मिक्सर आणि टेस्टिंग झालेल्या काँक्रीटच्या क्यूब्जचा ढीग असतो. पंधरा सेंटिमीटरचे हे घन मशीनखाली फोडले की कोणाच्या कामाचे राहत नाहीत. वर्षानुवर्षांचे तिथे साठलेत, काहींवर खडूने लिहिलेल्या तारखा अजून वाचता येतात. लॅबमधून तीस मीटरची टेप मागून आणली आणि एका रविवारी सकाळी सातला आम्ही तिथे गेलो. ती शून्याचं टोक भिंतीला दाबून धरायची, मी गवतातून टेप ओढत न्यायची. लांबी चोवीस मीटर, रुंदी साडेपाच. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरची रांग आणि मध्ये गाडी वळवायला दीड मीटर. एका रांगेत चोवीस, दोन्हींत मिळून अठ्ठेचाळीस. आदल्या रात्री मागच्या रस्त्यावर हॉस्टेलच्या मुलींच्या गाड्या मोजल्या होत्या, त्या सदतीस भरल्या. टेप गुंडाळताना रूममेट म्हणाली, "अगं, अकरा उरतात!" त्या क्षणी इतका आनंद झाला की आम्ही क्यूब्जच्या ढिगावर बसून दोन चहा मागवले.

प्लॅन शीटवर नीट काढला. रांगांच्या कडेला तेच फोडलेले क्यूब्ज लावायचे, म्हणजे आखणीचा खर्चही नाही. रेक्टर मॅडमनी शीट टेबलावर पसरून पूर्ण बघितली, हे मला आवडलं. त्यांचा प्रश्नही रास्त होता: आग लागली तर बंब कुठून जाणार? त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मोजलं. बंबाचा रस्ता वर्कशॉपच्या पुढच्या बाजूने आहे, सहा मीटर रुंद, आणि आमच्या पट्ट्याचा त्याला कुठेच अडथळा होत नाही. तेही शीटवर लाल रेघेने दाखवून परत दिलं. "दिवाळीनंतर बघू," म्हणाल्या.

दिवाळी झाली. शीट कॉलेजच्या जागा-इमारती बघणाऱ्या इस्टेट विभागाकडे गेली आहे, एवढं कळलं. मुलांच्या हॉस्टेलच्या गाड्या याहून जास्त आहेत, त्यांची जागा अजून कोणी मोजलेली नाही. पुढच्या रविवारी टेप घेऊन तिकडे जाणार आहोत.

आज ३१ ऑक्टोबर. साडेनऊ वाजत आलेत. पहिल्या वर्षाच्या तीन मुलींनी दिवाळीनंतर घरून गाड्या आणल्या आहेत. आत्ता त्यांच्या खोलीवर जाऊन सांगून आले, आज गाड्या हलवू नका, भिंतीच्याच बाजूला राहू द्या. एक आधीच किल्ली घेऊन खाली गेली होती, तिला फोन लावतेय.