वाजणारा ड्राइव्ह बेल्ट: टेन्शनरपासून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत

थंड इंजिन सुरू करताच किंचाळणारा आणि एसी लावल्यावर पुन्हा ओरडणारा ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज निर्माण करणारा अल्टरनेटर, वॉटर पंप आणि एसी फिरवणारा पट्टा, हा या वेळच्या कामाचा विषय होता. बेल्ट वाजला की बेल्टच बदलायचा, ही सर्रास पद्धत मला पटत नाही, कारण आवाज बेल्टचा असला तरी त्याचे मूळ अनेकदा एखाद्या पुलीत किंवा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये असते.

इंजिन बंद करून, किल्ली काढून प्रथम बेल्ट तपासला. ईपीडीएम रबराच्या बेल्टला जुन्या निओप्रीनच्या बेल्टसारख्या भेगा सहसा पडत नाहीत. तो टायरप्रमाणे झिजतो, त्याच्या खाचा रुंदावतात आणि पकड कमी होत जाते. तेव्हा भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, असे मानू नये. मापक लावल्यावर झीज मर्यादेत निघाली; कडांचे धागे सुटलेले नव्हते आणि तेलही लागलेले नव्हते.

त्यानंतर इंजिन आयडलवर ठेवून, हात आणि कपडे लांब ठेवून, खाचांच्या बाजूवर थोडे पाणी फवारले. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसल्याचा संशय घ्यावा आणि वाढला तर बेल्ट घसरत असल्याचा. येथे तो वाढला.

टेन्शनरचा दर्शक खुणांच्या आत होता, मात्र इंजिन चालू असताना त्याचा दांडा डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतका थरथरत होता. अशा वेळी टेन्शनरच गेला असे ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक ज्वलनाबरोबर क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) गती किंचित वरखाली होते, अल्टरनेटरचा जड रोटर तितक्या चटकन मंदावत नाही, आणि हा फरक बेल्टवर पडू नये म्हणूनच काही इंजिनांत अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी ओव्हररनिंग पुली दिलेली असते. या इंजिनात तीच आहे.

बेल्टच्या मार्गाचे छायाचित्र घेऊन (बॉनेटखालची आकृती पुसट झालेली असतेच) तो उतरवला आणि प्रत्येक पुली हाताने फिरवली. आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) निःशब्द फिरला, वॉटर पंपच्या शाफ्टला खेळ नव्हता. अल्टरनेटरची पुली एका दिशेने रोटरला सोबत घेऊन आणि उलट दिशेने मोकळी फिरायला हवी होती. ती दोन्ही दिशांनी रोटरसह फिरली. म्हणजे एकाच दिशेने पकडणारा आतला क्लच जाम झाला आहे.

ही पुली साध्या पान्याने निघत नाही. शाफ्ट आतून धरून ठेवणारे दातेरी साधन लागते, आणि ते मिळवणे हे पुढचे काम आहे. नवी पुली बसवल्यावरही टेन्शनरची थरथर राहिली, तर इतका काळ झटके सोसून त्याचे डॅम्पिंग (झटके शोषण्याची क्षमता) संपले असे समजून तोही बदलेन.